अवलोकनार्थ

गावाचं नाव सूर.
नऊ वर्षं झाली, आमचा अजून लागायचाय.

शाळेच्या फाटकावर कागद चिकटवलेला:
नव्या वर्षाची पुस्तकं पालकांच्या अवलोकनार्थ ठेवली आहेत,
रविवार ते गुरुवार, सकाळी नऊ ते अकरा.
म्हणजे ज्या वेळी एकही पालक मोकळा नसतो
नेमक्या त्या वेळी सगळ्यांसाठी खुली.
मी रात्रपाळीचा, म्हणून जमलं.
बुटांवर खार, डोळ्यांत रेती.
लोक खाल्ल्या मिठाला जागतात,
मी काढलेल्या मिठाला,
रात्रभर, त्या समुद्राकाठच्या प्लांटमध्ये.

जेसम्मानं चष्म्यावरून पाहिलं.
"नुसतं बघायचंय, की हरकतपण आहे?"
जसं कुणी विचारावं,
इथेच खाणार की पार्सल?

कोपऱ्यात टेबल. गठ्ठा सुतळीनं बांधलेला,
गाठ कुणी सोडलेलीच नाही.
नखानं सोडली.
इयत्ता तिसरी, परिसर, पान एक्केचाळीस.
पाणी कुठून येतं?
नदी. विहीर. तळं. झरा.
घागर घेतलेली तीच बाई, फक्त साडीचा रंग नवा.
मागे डोंगर इतका हिरवा
की चित्रकाराला ती बाटली संपवायचीच होती.

सहामाहीत निहारनं लिहिलं होतं:
समुद्रातून. बाबा करतात.
त्यावर लाल फुली. अर्धा गुणही नाही.
बाईंचं काही चुकलं नाही,
त्यांच्या उत्तरसूचीत नदीच होती.
पोराचंही नाही.
मग ही फुली नेमकी कुणाची?
कुठल्या शहरात, कुठल्या खोलीत,
हे पान मंजूर होताना
हात किती वर गेले,
आणि किती बिस्किटाकडे?

वहीत चार रकाने: नाव, पाल्याची इयत्ता, नातं, हरकत.
माझ्याआधी दोघंजण.
एकाला बसचा एसी, एकाला गणवेशाचं कापड.
मी लिहिलं: पान एक्केचाळीस, "समुद्र" घालावा.
एवढंच. अक्षर वाकडं आलं,
रात्रभर बोल्ट आवळलेली बोटं.

खमीस बघत होता.
दारावरचा पहारेकरी, सत्तरीचा,
होड्या ठोकणाऱ्यांच्या आळीत जन्मलेला.
काय लिहिलंस?
माझ्या मोडक्या अरबीत सांगितलं.
आधी हसला. मग हसेना.
म्हणाला, आई गाढवावरून पाणी आणायची,
पहाटे निघायची, ऊन डोक्यावर आलं की पोचायची.
दोन पखाली. गोड पाणी पाहुण्याला,
मचूळ आम्हाला.
ते आहे का तुमच्या पुस्तकात?
नाही.
पेन दे.

"ही वही पालकांची आहे," जेसम्मा म्हणाली,
पण पेन तिनंच पुढे केलं.
बराच वेळ लिहीत होता.
फक्त "नातं" या रकान्यापाशी अडला,
मला अर्थ विचारला, मिशीवरून बोट फिरवलं,
आणि उजवीकडून डावीकडे उमटवलं:
जार.
शेजारी.

पंधरवड्यानं इतिवृत्त लागलं,
त्याच फाटकावर, त्याच चिकटपट्टीच्या डागांवर.
आलेल्या हरकती: चार.
अपात्र: एक, अर्जदार पालक नसल्याने.
बसचा एसी: दुरुस्त करण्यात येईल.
पान एक्केचाळीस: योग्य ती नोंद घेतली.
योग्य ती म्हणजे कोणती, ते लिहिलेलं नव्हतं.

खमीसला मी काही वाचून दाखवलं नाही.
फाटक ओढता ओढता त्यानंच विचारलं,
आलं का आपलं पाणी?
अजून नाही.
येईल, म्हणाला,
आईसुद्धा दुपारीच पोचायची.