आयत्या वेळचे विषय

सभा क्रमांक नऊ.
स्थळ : ड्रेटन हॉल, तिसरा मजला,
सुट्टीत रिकामं झालेलं कॉलेजचं वसतिगृह, साउथ कॅरोलायना.
उपस्थिती बावीस.
इतिवृत्त लिहिणार मी, कारण माझं अक्षर बरं
आणि अध्यक्षपदाला मला तीनच मतं पडली,
त्यातलं एक माझं.

सकाळी टायची गाठ.
ब्रदर मेब्री म्हणाले, गाठ गळ्याला टेकावी, गळा आवळू नये.
चौतीस वर्षं याच गावात त्यांनी टपाल वाटलं.
फ्रॅटर्निटीचा हिरवा कोट पाठीवर घामानं काळा पडतो,
तरी काढत नाहीत.
मग हस्तांदोलन : डोळ्यांत बघायचं, दोनदा हलवायचं, सोडायचं.
मग वीस डॉलरमध्ये चौघांचा आठवडा,
जो आम्हांपैकी बहुतेकांच्या आयांना पाठ होता.

दुपारचा एक तास पत्रकात छापलेला नव्हता.
खुर्च्या मांडून गाडी केली.
पोलीस झाले ब्रदर मेब्री.
हात चाकावर, दिसतील असे.
विचारल्याशिवाय कप्पा उघडायचा नाही.
खिशाकडे, सीटखाली, कुठेच नाही.
आधी सांगायचं, मग हलायचं.
माझ्या तोंडावर त्यांनी रिकाम्या मुठीचा टॉर्च धरला
आणि त्यांचाच आवाज बसला.
पाणी प्यायले.
म्हणाले, पुन्हा.

रात्री साडेदहाला एसी बंद पडला.
ठराव : सर्वांनी गाद्या घेऊन हिरवळीवर झोपावे.
सूचक लुशस पेटिग्रू.
अनुमोदक ऑर्विल टिम्स, जो आठ सभांत
एक अक्षर बोलला नव्हता,
कारण प्रत्येक शब्दाच्या उंबऱ्यावर त्याला ठेच लागते.
चर्चा : डास.
बहुमताने मंजूर.

किती वाजले होते, नोंद नाही.
टॉर्च झाडांमागून आला, गाद्यांवरून फिरला.
कोण आहे रे तिथे?
आणि गवतातून हात वर झाले,
चव्वेचाळीस,
कोणी सांगितलं नव्हतं,
काही जण तर अजून झोपेतच होते.

वही माझ्या उशीखाली होती.

स-सर, ऑर्विल म्हणाला,
आम्ही ठ-ठराव केलाय. लि-लिहून ठेवलाय.
माझा मित्र आता उ-उशीखाली हात घालेल.
ति-तिथे वही आहे.
फ-फक्त वही.
इतकं हळू बोलायला आम्हाला कुणालाच जमलं नसतं.
मी त्याच्या शब्दांच्या चालीनं हात खाली नेला.

गार्ड विशीचा, आमच्याच रंगाचा.
टॉर्च त्याचाही हलत होता.
पान वाचलं, उलटलं, परत उलटलं.
म्हणाला, अनुमोदकाची सही राहिलीय.
ऑर्विलनं केली, पोटावर झोपून, त्याच्या उजेडात.
मग तो पायरीवर बसला, उजाडेपर्यंत.
डास मारत होता, ते ऐकू येत होतं.

सभा क्रमांक दहा.
मागील सभेचे इतिवृत्त वाचून दाखवण्यात आले.
ब्रदर मेब्रींनी चष्मा पुसला.
सगळं आहे यात, ते म्हणाले, डाससुद्धा.
हातांचं कुठे आहे?
मी म्हणालो, तो ठराव नव्हता, सर.
लुशस म्हणाला, नकोच ते, आई वाचेल.
कोणीतरी म्हणालं, म्हणूनच हवं.
बरीच गडबड झाली. घंटा दोनदा वाजवावी लागली.

आयत्या वेळचे विषय, विषय एक :
ती नोंद घ्यावी की न घ्यावी.
अनुकूल असतील त्यांनी,
ब्रदर मेब्री म्हणाले,
आणि थांबले,
कारण पुढचे दोन शब्द त्यांना उच्चारवेनात.

खोलीत पंखा फिरत होता, उसना आणलेला.
हात आमच्या मांड्यांवर होते.
पहिला ऑर्विलनं केला,
एकच, उजवा, कोपरात ताठ.
मोजायचं काम माझं होतं.
मी पेन्सिल डाव्या हातात घेतली.