सुका म्हणजे काय

नवी आवृत्ती आली मंगळवारी मध्यरात्री,
सोबत सतरा पानी टिपण:
निरोप अडला तर तो स्वतःच तीनदा परत जाईल,
तरीही न पोचलेले एका वेगळ्या रांगेत थांबतील
(रांगेचं नाव मी ठेवलेलं नाही:
मेलेल्या पत्रांची रांग)
आणि शेवटच्या पानावर, ठळक अक्षरांत,
एक कनेक्टर,
ज्याला वाचता येतं.

तेरा वर्षं माझं काम एवढंच,
ह्या सॉफ्टवेअरचं म्हणणं त्या सॉफ्टवेअरला कळवणं.
इकडे 'ग्राहक', तिकडे 'पार्टी',
तिसरीकडे नुसताच 'कोड दोन'.
मधे रेघ ओढायची.
काय करता, विचारलं कुणी
तर सांगायचो, सोयरिकी जुळवतो.
लोक हसायचे, विषय संपायचा.

ससून डॉक. बर्फाच्या कारखान्यावरचं ऑफिस,
जिन्यावर पाणी, पाण्यात खवले.
शेठनी विचारलं, आपला डेटा नक्की असतो कुठे?
मी वर बोट केलं.
वर पंखा होता.

कोपऱ्यात सुलक्षणा वैती, दोन पडदे, एक कीबोर्ड.
एकोणीस वर्षं बोटीवरची चिठ्ठी वाचायची,
बिलात टाकायची,
तीच पुन्हा कस्टमच्या फॉर्मात टाकायची.
मी आलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं
जसं घर मोजायला आलेल्या माणसाकडे पाहतात.

कनेक्टर जोडला.
एक्केचाळीस रकाने, चार सेकंद.
माझे तीन आठवडे गेले त्यात.
प्रत्येक रेघेवर खात्रीचे टक्के: सत्त्याण्णव, नव्याण्णव, चौऱ्याण्णव.
एवढी खात्री
मला स्वतःच्या लग्नातही नव्हती.

वैतीबाई चष्मा कपाळावर सारून
पडद्याला नाक लावून वाचत गेल्या.
मग थांबल्या.
'सुका, चाळीस गोणी'
झालं होतं 'सुका मेवा', शहाण्णव टक्के.
दुबईच्या जहाजावर चाळीस गोणी बदाम चढले होते
जवळ्याचा वास घेऊन.

त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, लिही त्याला:
आमच्याकडे सुका म्हंजे म्हावरा.
मेवा असला तर तो मेवा म्हणून येतो,
आणि आजवर आलेला नाय.
मी सूचनेच्या चौकटीत लिहिलं, जवळजवळ तसंच.
त्यानं उत्तर दिलं: समजलं.
मला तेरा वर्षांत एकाही सॉफ्टवेअरनं असं म्हटलेलं नाही.

आणखी एक सोय होती, अकराव्या पानावर:
खात्री कमी पडली तर माणसाला विचारा.
'माणूस' असा रकानाच होता.
मी तिथे त्यांचं नाव भरलं.
घंटी वाजू लागली.
'ओला' म्हणजे किती ओला?
'बारका' हा माल की माणूस?
(माणूस, त्यांचा दीर.)
शुक्रवारी बत्तीस प्रश्न.
सोमवारी नऊ.
बुधवारी दोन.

कमी होतायत रे, वैतीबाई म्हणाल्या,
चहाच्या ग्लासाकडे बघत.
मला टिपणातलं पान आठवलं नाही
ज्यात ह्याचं उत्तर असेल.

गुरुवारी सकाळी रांगेत एकच मेलेलं पत्र.
हरकूबाईंच्या होडीवरून, फोटो काढून पाठवलेली चिठ्ठी,
ओल्या बोटांचे डाग, आणि पेन्सिलीनं:
माल: नेहमीचा. भाव: कालचाच.
तीनदा परत गेली होती.
अकरा टक्के.

'नेहमीचा' म्हणजे काय?
घंटी वाजत होती.
चौकट उघडी, कर्सर लुकलुकत.
मी म्हटलं, सांगून टाका ना त्याला, एकदाच.

त्यांनी चप्पल पायात सरकवली.
काय सांगू? आज गुरुवार.
गुरुवारी हरकूचा नेहमीचा वेगळा असतो.
आणि पदर खोचून
जिना उतरून गेल्या,
विचारायला.