पुंगळी

सुभेदार कुद्रेमानीकरांनी यंत्र आणलं रिक्षातून,
गोणपाटात गुंडाळून, मांडीवर,
लेकरू दवाखान्यात आणावं तसं.
"रायफल क्लबचं आहे. कागद सगळे जाग्यावर.
पुंगळ्या नीट उतरंनात. बघ की जरा."

माझी तीस वर्षं उद्यमबागेत
हायड्रॉलिकच्या वाल्व्हवर गेली.
हे असलं पहिल्यांदाच बघत होतो.
वर भांडं, भांड्यात फिरती तबकडी,
तबकडीतून एकेक रिकामी पुंगळी
आरपार दिसणाऱ्या नळीतून खाली,
बूड खाली, तोंड वर.
सरकपट्टी तिला ढकलते गोल ताटात,
दांडा ओढला की ताट एक घर पुढं.
पाच घरं, पाच कामं, मध्ये थांबणं नाही.

थांबत होतं.
कधी अकराव्याला, कधी चाळिसाव्याला,
एकदा लागोपाठ दोनदा, मग तासभर काहीच नाही.
ज्या बिघाडाला वेळापत्रक असतं
तो निम्मा दुरुस्तच असतो.
ह्याला नव्हतं.

नळी काढून धुतली. नळीचा बाक सरळ केला.
सरकपट्टीच्या कडेला नखाला लागेल एवढी कुसळ होती,
ती कानशीनं मारली आणि खूश झालो.
बाराव्याला अडकलं.
तबकडीचा वेग कमी केला. स्प्रिंग बदलली.
सुभेदार स्टुलावर बसून होते,
चहाचा कप ठेवण्याआधी
दोन बोटांनी टेबलाची कड चाचपत.
तेव्हा माझं लक्ष नव्हतं. म्हणजे होतं,
पण कामात नव्हतं ते.

बसलिंग, माझा पोरगा, हुक्केरीकडचा,
मराठी समजतो, बोलताना लाजतो.
अडकलेली पुंगळी त्यानं चिमट्यानं उपसली,
उलटी पडलेली, बूड वर.
डोळ्याजवळ नेली, कानाजवळ नेली,
हलवली.
"अण्णा, ओळग ऐती."
आत आहे.

आत होती. मोठीच्या पोटात छोटी,
पॉइंट टू-टूची, शाळेच्या पोरी सराव करतात तिची.
अशी बसलेली, की जणू तिथंच जन्मली.
तोंडाकडं जड झालेली मोठी
तबकडीतून पडायची ती डोक्यावर.
यंत्र बिचारं बरोबरच थांबत होतं.

मी पोतं टेबलावर ओतलं.
दीडेक हजार पुंगळ्या, त्यात छोट्या चौसष्ट,
सव्वीस नुसत्या नाहीत, कुणाच्या तरी पोटात.
"हे गोळा कोण करतं, सायब?"
"मीच. संध्याकाळी, पोरी गेल्या की.
एकेक बघून घेतो हातात."

बसलिंगनं माझ्याकडं बघितलं.
मी कानशीकडं.
एकेक बघून घेतो.
कवायतीच्या मैदानावर ज्या माणसानं
दोनशे कदमांवरून सुटलेलं बटण हेरलं असेल,
त्याला कुणी सांगायचं, आणि कुठल्या भाषेत?

त्या दुपारी वाल्व्हची ऑर्डर बाजूला सारली.
पत्र्याचा तुकडा घेतला, जेवणाच्या ताटाएवढा,
आठ मिलिमीटरची भोकं पाडली, एकशे चाळीस,
प्रत्येकाची कड आतून घासली.
बसलिंगनं कडेला दोन कड्या जोडल्या,
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"ह्यात टाका नि खळखळून हलवा," मी म्हटलं.
"छोटं असंल ते आपसूक खाली जातं.
यंत्राचाच भाग आहे हा.
कंपनीनं द्यायला पाहिजे होता, दिला नाही."

सुभेदारांनी चाळणी हातात घेतली.
भोकांवरून अंगठा फिरवला, सावकाश,
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.
बराच वेळ.
मग म्हणाले, "कंपनी विसरली होय."
"विसरली."
"बिल कर."

बिलावर बसलिंगनं लिहिलं, कन्नडमध्ये,
चाळणी एक. पुढं रक्कम मोकळी.
मला विचारायला मान वर केली,
तोवर सुभेदार यंत्र उचलून दारात,
उंबऱ्याला आधी पायाचं बोट लावून
मग पाऊल टाकत.

रक्कम अजून मोकळी आहे.
रिक्षात शेवटपर्यंत ऐकू येत होतं,
चाळणीच्या कड्या एकमेकींवर वाजत होत्या.