भिंतीवरचा खिळा

खोली नंबर चार. मिशनचा दवाखाना,
इंदूर, छावणीपासून दोन गल्ल्या आत.
एकवीस वर्षं मी इथे माणसांच्या आतले फोटो काढते.
हनुवटी वर, खांदे पुढे,
थंड पाटीला छाती टेकवा,
सांस रोको, हिलना मत.
नावावरून मराठी कळला तर मराठीत,
आणि घाबरलेल्याला दोन्हीत सांगते,
त्या खिळ्याकडे बघा.

समोर एक खिळा आहे.
सियागंजच्या कुण्या मसालेवाल्याचं कॅलेंडर होतं त्यावर.
वर्ष संपलं, कागद गेला, खिळा राहिला.
दोनदा रंग झाला खोलीला,
रंगारी त्याला वळसा घालून गेला.

भ्यालेला माणूस हलतो.
हललेल्या फोटोत हाडांवर धुकं येतं,
पुन्हा काढावा लागतो.

ऑक्टोबरात नथन्येल आला, चिठ्ठी घेऊन, रांगेतून,
सत्ताविसावा नंबर.
आधी घेते म्हटलं, तर नको म्हणाला.
आमच्या मंडळीत शेवटच्या आमेनचा खर्ज त्याचा.
सगळे थांबले तरी तो बाकांखालून येत राहायचा,
पोरं बोटांवर मोजायची, नऊ, दहा, अकरा.
मी म्हटलं, श्वास रोखा.
(खोलीत मी नवऱ्यालाही अहो म्हणते.)
तीनपर्यंत थांबला नाही तो.
तो फोटो मी तीनदा काढला.

मग महिने.
छातीतलं पाणी काढलं, बाटलीत, फिक्या चहाच्या रंगाचं.
सांवेर रोडचा कारखाना म्हणाला, बरा झालास की ये,
आणि हिशेब पाकिटात घालून दिला.
स्कूटर गेली. बांगड्या त्याआधीच.

पाळकसाहेब रणपिसे घरी आले,
म्हणाले, अलीशिबाबाई, नजर वर ठेवा.
ठेवली.
वर ओल होती, शेजारच्या टाकीची,
आकार डाव्या फुप्फुसासारखा.

गुडघ्यांवर बसले की सुरू व्हायचं,
हे स्वर्गीय पित्या,
एकशे चाळीसची पट्टी, दिवसाला दोन,
पित्या, महिन्याचे किती?
आमेन राहून जायचा,
उत्तर मात्र मी दुधाच्या वहीत लिहून ठेवायचे.

मार्चमध्ये एक पोर आली, सातेक वर्षांची,
आजीचा पदर सोडेना.
खिळ्याकडे बघ म्हटलं तर विचारते,
उसमें है क्या?
कुछ नहीं.
तो देखूँ क्यों?
मी म्हटलं, बेटा, तू फक्त उभी राहा.
देखने का काम इधर वाले का है.

बोलून गेले, आणि काचेआड
बटणावर बोट ठेवून
मीच थांबले जरा.

पाच वाजता खोली बंद केली, आतून.
मशीन थंड. मी पाटीला छाती टेकवली,
हनुवटी वर, खांदे पुढे.
काही मागितलं नाही. काय मागणार, वही भरली होती.
खिळा होता, थोडा गंजलेला,
आणि पाठीमागे, काचेआड,
कुणाला तरी सगळं दिसत होतं,
बरगड्या, बिलं,
त्याच्यावरचा माझा रागसुद्धा.
मी हलले. फार हलले.
पुन्हा काढू, असं कुणी म्हणालं नाही.

बाहेर वॉचमन किल्ल्या वाजवत होता.

नथन्येल बरा झालेला नाही.
सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की
ओला-सुका वेगळा करून दारापर्यंत जातो,
मध्ये दोनदा भिंत धरतो.
नवी वही आणलीय, तिच्यातही आकडेच आहेत.
प्रार्थनेत अजून मधूनच पट्टीचा भाव येतो,
येऊ देते, खिळ्याकडे बघते.

परवाच्या रविवारी आमेन आला,
तो उभा राहिला, बाकाला धरून,
खर्ज लावला.
चारवर तुटला.
पुढचा सूर कुणी उचलला नाही.
पेटीवाल्या शांतवनने बोटं उचलली नाहीत पट्ट्यांवरून,
पोरांनी पाचवं बोट तसंच धरलं,
आणि सगळी मंडळी
श्वास रोखून
त्याच्या पुढच्या श्वासाची वाट बघत राहिली.