उपयोगिता प्रमाणपत्र

नाव: निनावे.
पोर्टल म्हणालं, नाव ग्राह्य नाही, आडनाव भरा.
आडनावच आहे हो ते. गोळीबार चौकात विचारा,
अर्धा मोहल्ला निनावे,
उरलेले पराते आणि धकाते.

वय: चौतीस वर्षे सात महिने.
म्हणजे 'तरुण शास्त्रज्ञ' म्हणवून घ्यायला
उरले पाच.

प्रकल्पाचा सारांश, तीनशे शब्दांत:
पऱ्हाटीचा चुरा, वाफवून, निववून,
त्यात अळिंबीचं बी.
नऊ दिवसांत पांढरे तंतू धरतात,
कुणी न विणता वीण घट्ट होत जाते
आणि साच्यातून खोकं निघतं,
थर्माकोलइतकं हलकं नाही, खोटं कशाला बोलू,
पण उकिरड्यावर टाकलं तर दोन महिन्यांत माती.
शब्द उरले होते. तरी लिहिलं नाही
की आजोबांपर्यंत आमच्याकडे हातमाग होता,
आणि तुटलेला धागा सांधताना
ते श्वास धरून ठेवायचे,
जसा मी बशीचं झाकण उचलताना.

अंदाजपत्रक.
मनुष्यबळ: एक, मला धरून.
रसायने. काचसामान. प्रवास: कळमना मार्केट, ऑटोने.
ऑटोक्लेव्ह आहे, पण त्याचं झाकण
मागच्या विभागप्रमुखांबरोबर निवृत्त झालं,
तोवर बारा लिटरचा कुकर.
आकस्मिक खर्चात मी लिहिला
एक कूलर, वाळ्याच्या ताट्यांसह,
कारण मे महिन्यात अमरावती रोडवर सत्तेचाळीस अंश
आणि अठ्ठाविसाच्या वर माझी बुरशी
बोलत नाही कुणाशी.

परीक्षक क्रमांक दोन यांचा शेरा:
'कूलर हे वैज्ञानिक उपकरण नव्हे.'
मी उत्तराला तीन संदर्भ जोडले.
परिचर सहारे शेरा वाचून म्हणाले,
'मॅडम, हा माणूस नागपूरले आला नसन कधी.
काहून डोकं लावून राहिल्या?'
आणि दुसऱ्या दिवशी सायकलरिक्षातून
घरचा कूलर उतरवला.
त्यांची मुलगी तो महिनाभर
रात्री गच्चीवर अभ्यास करत होती,
हे मला जुलैत कळलं.

मग वाट.
'आपला प्रस्ताव विचाराधीन आहे.'
फेलोशिप सात महिने थकली.
घरमालकिणीला म्हटलं, मंजूर झालंय, फक्त यायचंय.
तिला ते वाक्य पाठ होतं,
जावई सरकारी ठेकेदार.
बंगळुरूहून मैत्रिणीचा फोन: ये इकडे,
इथे फ्रीझर बंद पडत नाहीत.
मी म्हटलं, आणि पऱ्हाटी?
ती म्हणाली, कुरिअरने येते.

बारा मार्चला पत्र आलं.
मंजूर, मागितल्याच्या चाळीस टक्के.
कूलरवर लाल रेघ.
आर्थिक वर्ष संपत असल्याने
रक्कम एकोणीस दिवसांत खर्चावी, उरल्यास परत.
तंतूंना लागतात नऊ.
हातात दहा दिवस उरत होते,
इतकी श्रीमंत मी कधीच नव्हते.

सव्वीस तारखेला विभागाच्या गच्चीवरून
आम्ही खोकं सोडलं. आत बारा संत्री, मृग बहाराची.
सहारे खाली, छातीवर हात.
आवाज आला,
ओल्या गादीवर कुणी बसावं तसा.
अकरा शाबूत.
एक फुटलं. ते दोघांनी जिन्याखालच्या सावलीत खाल्लं.
जरा आंबटच होतं.

आता प्रमाणपत्र भरतेय.
प्राप्त रक्कम. खर्च रक्कम. शिल्लक: निरंक.
संत्री, बारा नग, लिहिलीत.
बाराव्याचं काय झालं, हे लिहायला
रकाना पुरत नाही.
आणि कूलर कुठल्याच यादीत नाही.
तो अजून कोपऱ्यात उभा आहे,
त्याच्या टाकीच्या कडेने
एक पांढरा तंतू वर चढतोय,
आम्ही न लावलेला.
सहारे फडकं घेऊन आले.
म्हटलं, राहू द्या, आज एकतीस तारीख.
याला पुढच्या वर्षात धरू.