पुढे नेलेली बाकी

एकतीस मे. रात्रीचे साडेदहा.
कूलरमध्ये आज नवा वाळा बसवलाय,
तरी खोलीला वास तापलेल्या चुन्याचाच.
सहकारी बँकेची गेल्या सालची डायरी उघडते,
तारखा खोट्या, रेघा खऱ्या.
पानावर तीन रकाने: शब्द, ऑफिस, घर.

ऑफिस आधी. ते सोपं.
थकीत परिच्छेद एक्केचाळीस होते,
आता अडतीस.
भदौरिया साहेब म्हणाले, मॅडम, सिंचाईवालों से मत उलझो,
जवाब आ जाएगा.
आला. दीड ओळीचा: नोंद घेतली आहे.
बावीस वर्षं रोज टेम्पोने एजी ऑफिसला जाते
आणि दुसऱ्यांच्या खात्यांत एवढंच शोधते,
काय करायचं ठरलं होतं, काय झालं,
आणि मधल्या जागेत कोण उभं होतं.

घर.
मोरीचा नळ: प्रलंबित.
गच्चीची भेग: रामौतार दोनदा बघून गेला,
दोनदा चहा प्याला. प्रलंबित.
गव्हाची कोठी: भरली. शरबती, दोन पोती.
नानांच्या कानाचं मशीन: झालं.
(सेल नवा आहे. घालत नाहीत.
म्हणजे अर्धं झालं.)
मार्चपासून नळाखाली पातेलं ठेवते,
सकाळी काठोकाठ भरलेलं असतं,
ते कूलरमध्ये ओतते.
गळती खर्चात मांडावी की जमेत,
याचा नियम कुठल्याच पुस्तकात नाही.

शब्दांचा रकाना नेहमी शेवटी,
दुखऱ्या दाढेच्या बाजूने कुणी आधी चावत नाही.
जानेवारीत ठरवलं होतं,
आमच्या लष्करातली मराठी वहीत उतरवायची,
महिन्याला तीस शब्द.
पुण्याची मामेबहीण जिला फोनवर हसते, ती.
जिच्यात आम्ही जेवत नाही, जेवून राहिलेलो असतो,
वीज जात नाही, बत्ती जाते,
आणि थंडीत अंगावर चादर नाही, चद्दर.
जानेवारी: एकोणतीस.
फेब्रुवारी: सोळा.
एप्रिल: पाच, पैकी दोन संशयास्पद.
मे
चौकोन कोरा.

स्वतःलाच रीतसर खुलासा विचारते.
मार्चएंड होता. मग लू होती. दुपारी नाना झोपतात.
खुलासा मान्य नाही.
खरं असं की शब्द सगळे नानांकडे,
आणि नाना हल्ली विचारलेलं ऐकत नाहीत,
न विचारलेलं सांगतात.
वही घेऊन समोर बसलं की गप्प,
तपासणीला पथक आल्यावर
कॅशियर होतो तसे.

"बेबी, मोरीत कोण गळून राहिलंय?"

कोण.
नळाला कोण म्हणणारा माणूस
साऱ्या जनकगंजात आता हा एकच असेल.
उठून जाते. मशीन टेबलावरच, डबीत.
अंधारात भिंतीला तळहात लावून उभे आहेत,
भिंतीतून ऐकत असल्यासारखे.
"तीन महिने झाले बिचाऱ्याला," म्हणतात.
"टिपटिपी लागलीय त्याला, टिपटिपी."
ढाळ लागावेत, ढास लागावी, तशा सुरात.
मी म्हणते, प्लंबर उद्या येतोय.
खोटं. त्यांनाही ठाऊक.
"येऊ दे," म्हणतात, आणि पातेलं
पायाने थोडं डावीकडे सरकवतात,
थेंब बरोबर मधोमध पडावा म्हणून.

परत येऊन लिहिते. मे: एक.
टिपटिपी, स्त्रीलिंगी.
अर्थ लिहायला घेते, दोनदा खोडते,
पुढे नुसतं लिहिते: नाना, रात्री, मोरीपाशी.
साक्षांकित नाही. आधार एकाच व्यक्तीचा.
दुसऱ्या कुणाच्या वहीत असतं
तर आक्षेप काढला असता.

तीस वजा एक. बाकी जूनला पुढे.
नळही पुढे, भेगही.
मार्चच्या पानावरून प्लंबरचा नंबर उतरवायला घेते,
शेवटचा आकडा एक की नऊ,
माझंच अक्षर,
मलाच लागत नाही.