अजून कच्चं

मंगळवारपासून रंग सुकत नाही.
म्हणजे वरून छान काच,
आणि बोटाने दाबलं की सुरकुती,
दुधावरच्या सायीसारखी.

आय. सी. कॉलनीत, बेकरीच्या वर, आमचं पार्लर.
तीन वाजता खाली पाव भट्टीतून निघतात
आणि आमचा अॅसिटोन हरतो.
त्याच वेळी जिना चढून मार्था तुस्कानो आल्या.
बत्तीस वर्षं सिस्टर, काल रिटायर.
"करवंदाचा रंग दे," म्हणाल्या, "पिकलेल्या.
आजवर नख वाढू दिलं नाही गं,
वॉर्डात नख म्हणजे घाण."

मी पातळ हात दिला, मग दुसरा.
गडद रंग उजेड गिळतो, ठाऊक आहे मला.
जाड थर आतून कच्चा राहतो, मोठ्या भज्यासारखा.
अंगठा दिव्याखाली कलतो,
म्हणून अंगठे वेगळे, सपाट ठेवून.
नखावर तेल नको, दोनदा पुसलं.
खालचा कोट, वरचा कोट एकाच कंपनीचे,
बाटली खिडकीच्या उन्हापासून लांब.
थोडा चिकटपणा वर राहतोच, तो स्पिरिटने जातो.
मी पुसला.
करवंदच आलं कापसावर.

मॅडमनी निकाल आधीच लावलाय:
रेमी जाड हात मारते.
तीन गिऱ्हाइकं परत आली,
तीनशे रुपये तिच्या पगारातून.
रेमी मिझोरामची. मराठी समजते तिला,
भांडण्याइतकी अजून येत नाही.

मार्थाबाईंनी निळ्या उजेडाकडे पाहिलं,
रोग्याच्या जिभेकडे पाहावं तसं.
"कधीपासून?"
मंगळवार.
"एकीच्याच हातून होतं?"
नाही. माझ्याही.
"मग त्या पोरीला कशाला धरलंय?
घरात आणखी कोण आजारी आहे?"

मी हसले.
मग आठवलं, नेटचा डबा.
तोही मंगळवारीच गेला,
त्याचा माणूस उद्या येतो, उद्या येतो म्हणतोय.

टेबलाखाली वाकले.
दोन काळे अॅडॅप्टर, सख्खे भाऊ,
एकावर बारा, एकावर चोवीस,
मुंगीएवढ्या अक्षरांत.
दिव्याला बाराचा. निळा दिसत होता, एवढंच,
उपाशी माणूस कामावर येतो तसा.
डब्याला चोवीसचा.
डब्याला जळका वास.

सोमवारी रात्री फरशी मी पुसली होती.
वायरी मीच काढल्या, मीच लावल्या,
खांद्यात फोन दाबून, भावाशी भांडत.

जरा वेळ खालीच राहिले.
केसांचे पुंजके, कुणाची तरी टिकली,
आणि डोक्यात हिशेब:
डबा दोन हजारांचा तरी असेल.
"सापडलं का काही?" वरून मार्थाबाई.
वायर सैल होती, म्हटलं.

चोवीसचा लावला. सगळं काढून पुन्हा पातळ हात.
दिवा असा पेटला की त्या दचकल्या,
"चटका बसतोय गं!"
बसतो, म्हटलं, घट्ट होताना.
हात क्षणभर बाहेर घ्या, परत आत घाला.
"आणि नाही झालं घट्ट, तर?"
तर कातडीला लागत राहतं.
लगेच कळत नाही. मग कधीतरी खाज सुटते,
आणि एकदा सुटली की जन्मभर तो रंग चालत नाही.
"हं," त्या म्हणाल्या,
आणि माझ्याकडे बघत राहिल्या,
औषध खरंच गिळलं का, ते बघतात तसं.

दिव्यावर आकडे उलटे चालतात.
साठ. एकोणसाठ.
पलीकडे रेमी कुणाच्या तरी टाचा घासत होती,
मान खाली, कानात काही नाही,
नेट नाही म्हणून गाणी नाहीत चार दिवस.
मॅडम गल्ल्यापाशी सुट्टे मोजत होत्या.
चाळीस.
खालून पावांचा दुसरा घाणा निघाला.
एकतीस.

"मॅडम," मी म्हटलं.
आकडा बावीसवर होता.
"काय?"

रेमीचा हात थांबला.